अरघट्ट म्हणजे दातेरी रहाटच का? आणि खोल विहिरीवर मोटच का?

प्रश्न: ऋग्वेदात विहिरीवरचे ‘अश्मचक्र’ आहे, पुढे संस्कृत ग्रंथांत अरघट्ट (गाडग्यांनी पाणी उपसायचे चाक) येतो. बैलांनी फिरवायचा दातेरी रहाट तेव्हापासून होता असे धरायचे का? मग खोल विहिरींवर मोटच (बैलांनी ओढायची चामडी पिशवी) का टिकली?

उत्तर १: नाही धरता येत. १०व्या मंडलातल्या त्या सूक्तात (१०.१०१) दगडी चाक, वादीचा दोर आणि कोश (पाणी उपसायचे भांडे) आहे, म्हणजे मोटेच्या जवळचे काहीतरी. अरघट्टाला गाडगी असतात हे खरे, पण ते चाक हातापायांनीही फिरते. बैल आडवा फिरतो, चाक उभे असते, म्हणून दाते लागतात. त्या जोडणीचे स्वच्छ वर्णन बाबराने लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडचे केले आहे. आग्र्याकडे त्याने मोट पाहिली आणि शेणामुतातून ओढलेला दोर पुन्हा विहिरीत जातो म्हणून नाक मुरडले. तक्रार रास्त होती!

उत्तर २: कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला पाणीवाटाही (पाण्यापोटी राजाला द्यायचा हिस्सा) बघा: हाताने उपसले तर १/५, खांद्यावरून १/४, स्रोतयंत्राने (पाणी उचलणाऱ्या यंत्राने) १/३. साधनांची प्रतवारी तेव्हाच होती.

उत्तर ३: खोलीचे म्हणाल तर, रहाटाची माळ जितकी लांब तितकी भरलेली गाडगी एकाच वेळी लोंबतात, सगळा भार कण्यावर (चाकाच्या आसावर) येतो. मोटेत एकच चामडी पिशवी, खोली वाढली की फक्त नाडा (मोट ओढणारा जाड दोर) लांबवायचा. मात्र धाव (बैलांची ये-जा करायची वाट) उन्हाळ्यातल्या तळाच्या पाण्याला पुरेल एवढी हवी, नाहीतर बैल टोकाला पोचतात आणि मोट अर्ध्यावर लटकते. धाव उतरती ठेवतात, बैलांचे वजन ओढीला लागते.

खरी मेख सोंडेत, म्हणजे मोटेच्या निमुळत्या चामडी नळीत आहे. नाडा वरच्या चाकावरून, सोल (सोंडेचे टोक धरणारा बारीक दोर) खालच्या रुळावरून. सोल सैल असली की सोंड मोटेच्या तोंडाखाली लोंबते आणि पाणी वाटेतच गळते. आखडली तर भार सोलीवर येऊन ती तुटते. माप जुळले की मोट वर येताच सोंड थारोळ्यात (पाणी पडायच्या कुंडीत) पडते, ओतायला माणूस लागत नाही.

उत्तर ४: रहाटाच्या गाडग्याला बुडाशी बारीक भोक ठेवतात. रहाट थांबला की पाणी निथळते, माळ रात्रभर ओझ्याने ताणत नाही. भोक मोठे झाले की गाडगे बदला, नाहीतर पाटात निम्मेच पाणी पडेल.