शिवराज्याभिषेकाच्या देखाव्यात महाराजांच्या हातात राजदंड द्यायचा का?

घोडबंदरकर:
मानपाड्याच्या आमच्या सोसायटीत यंदा गणपतीला शिवराज्याभिषेकाचा देखावा आहे आणि नेपथ्य माझ्या गळ्यात पडलंय. सेक्रेटरींनी चार्ल्सचा राज्याभिषेक टीव्हीवर पाहिला, तेव्हापासून त्यांना महाराजांच्या हातात हिऱ्यांचा राजदंड हवाय. शिवाय सिंहासनाशेजारी एकजण नंगी तलवार उभी धरून. मला ते खटकतंय, पण खोडायला हाताशी काही नाही. रायगडावर नक्की काय काय होतं? मंच बारा फुटी आहे, बजेट विचारू नका.

चरईचा प्रॉपर्टीवाला:
गडकरी रंगायतनला हौशी नाटकांची प्रॉपर्टी वर्षानुवर्षं सांभाळली आहे, म्हणून बोलतो. राजदंड अजिबात नको. त्याहून भारी वस्तू आयती मिळते आहे.

६ जून १६७४ ला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. आला होता व्यापाराच्या तहासाठी, पण डोळे उघडे ठेवून बसला आणि सगळं टिपून ठेवलं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर चिन्हं लावली होती. उजवीकडे मोठमोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं. डावीकडे घोड्यांच्या शेपट्या आणि एका भाल्यावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समान. तराजू न्यायाचा, हे त्यानेच लिहिलंय. मासे म्हणजे समुद्रावरची सत्ता आणि शेपट्या म्हणजे घोडदळ, असा अर्थ साधारण लावतात. मुघलांकडे माशाचं चिन्ह मोठा मान म्हणून द्यायचे, माही-मरातिब. इथे ते कोणी दिलेलं नाही, स्वतः उभं केलेलं आहे. सेक्रेटरींना एवढंच सांगा, राजदंड विसरतील.

आता करायचं कसं? भाले वेताचे किंवा पीव्हीसी पाइपचे. मासे जाड फोमचे, वरून कागदाचा लगदा, मग सोनेरी स्प्रे. तोंड पापलेटाचं करू नका, पोरं हसतील. बाजारात जाऊन सुरमईचे दात बघून या आणि त्याच्या दुप्पट करा, मागच्या रांगेतून दिसले पाहिजेत. तराजू जांभळी नाक्याला पितळेचा मिळेल, पण मंचावर पारडी हलत राहतात. आतून तार घालून घट्ट करा, एक पारडं खाली झुकलं तर सगळा अर्थच गेला.

आणि तलवारवाला काढा. बखरीतलं वर्णन असं की अभिषेकाच्या वेळी अष्टप्रधान आठ दिशांना उभे होते. पूर्वेला मोरोपंत पिंगळे, हातात तुपाचा सोन्याचा कलश. दक्षिणेला हंबीरराव मोहिते, दुधाचा चांदीचा कलश. पश्चिमेला दह्याचा तांब्याचा. कोपऱ्यांवर छत्र, पंखा, मोरचेलं. सरसेनापती हातात दूध घेऊन उभा, ही गोष्ट मला तरी फार आवडते. तुमच्या हंबीररावाला ती पटवायला वेळ लागेल, कारण त्या भूमिकेसाठी हमखास जिमवालाच पुढे येतो.

वाशीची मावशी:
सेक्रेटरींनी पाहिलं ते खोटं नाही हो, फक्त तिथलं आहे. ६ मे २०२३ ला तिथल्या खासदार पेनी मॉर्डंट बाईंनी आधी साडेतीन किलोच्या वरची राज्याची तलवार पेलली, मग ती देऊन रत्नजडित तलवार घेतली. ही १८२० सालची. राजाला देतात, तो ती वेदीवर ठेवतो आणि मग पैसे मोजून सोडवून आणतात! आणखी एक तलवार असते, टोक मुद्दाम बोथट केलेलं, ती दयेची. राजदंडावरचा कलिनन हिरा ५३० कॅरटचा. आपल्या डबेवाल्यांनी त्याच चार्ल्ससाठी पुणेरी पगडी आणि उपरणं घेतलं होतं, त्याचं मला जास्त कौतुक.

घोडबंदरकर:
मावशी, काका, दोघांना दंडवत. तराजू आणि मासे ठरले. महाराजांच्या कमरेला तलवार मात्र लागेलच ना?

चरईचा प्रॉपर्टीवाला:
लागेल, पण सिनेमातली वाकडी नको. सरळ पात्याची फिरंग घ्या. लंडनच्या राजघराण्याच्या संग्रहात जी महाराजांची जगदंबा तलवार म्हणून दाखवतात, तिचंही पातं युरोपीय बनावटीचं आहे. फोटो बघून मूठ करा, पातं अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीचं चालेल, कडा घासून बोथट करा. मासे झाले की इथे फोटो टाका, दात मी बघतो.