फाटकाजवळचा सायकल पट्टा – रंग मारायच्या आधी सगळ्यांनी वाचा

बी-६०२: नमस्कार सगळ्यांना. काल संध्याकाळी स्टेशनजवळच्या फाटकात आमची लेक सायकलवरून पडली. हाड वगैरे मोडलं नाही पण तळहात चांगलाच सोलवटलाय. मागून टेम्पो येत होता, त्याने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. तिथे आता सायकलसाठी हिरवा पट्टा करतायत, चुन्याच्या खुणाही पडल्यात, आणि त्या खुणा रस्त्याच्या कडेने सरळ रुळांवरून गेल्यात. असाच पट्टा झाला तर मुलं त्याच जागी पडणार

ए-१०४: अगं बाई, कशी आहे आता? पावसात रूळ निसरडे होतातच गं, उतरून चालत जायला सांग पोरांना

बी-६०२: बरी आहे काकू, क्लासला गेली. पण ती घसरली नाही, रुळाशेजारी खाच असते ना त्यात पुढचं चाक बसलं आणि हँडल हलेचना. आपला रस्ता रुळांना तिरका जातो, त्यामुळे चाक जवळजवळ खाचेच्या दिशेनेच जातं

डी-२०५: ती खाच सिमेंटने बुजवून टाकायला सांगा ना

सी-३०१: बुजवता येत नाही. मी रेल्वेच्या पी-वेमध्येच, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात, नोकरी केली. गाडीच्या चाकाची आतली कड त्या खाचेतूनच जाते, फाटकावर ती ५१ ते ५७ मिमी ठेवावीच लागते. पोरीच्या सायकलचा टायर पावणेदोन इंची असेल तर ४५ मिमी झाला, म्हणजे आरामात आत जातो. रबर भरायची पद्धत बाहेर आहे पण ती मुख्यतः सावकाश जाणाऱ्या गाड्यांच्या लाइनला, आपल्या मेन लाइनला तो विषय सोडा. रस्ता रुळांना काटकोनात असावा, अगदीच नाही जमलं तर ४५ अंशांच्या खाली जाऊ नये असा रेल्वेचा नियम आहे. पण तो अख्ख्या रस्त्याचा कोन झाला, कडेने जाणारा सायकलवाला त्याहून तिरका जाऊ शकतो

ई-४०३: काका बरोबर बोलतायत. अमेरिकेत नॉक्सव्हिलला असंच एक तिरकं क्रॉसिंग होतं, तिथल्या टेनेसी युनिव्हर्सिटीच्या लोकांनी कॅमेरा लावून अभ्यास केला, २०१७ ला छापून आलाय. दोन महिन्यांत पन्नासच्या वर सायकलवाले पडलेले दिसले. कोन ३० अंशांच्या खाली गेला की धोका एकदम वाढतो असं निघालं. मग त्यांनी सायकलवाल्यांना आधी जरा बाहेर वळवून ६० अंशाच्या आसपास रूळ ओलांडतील असा वळसा करून दिला, फार मोठं काम नव्हतं, आणि पडणं जवळपास थांबलं

डी-२०५: आपल्याकडे एवढी जागा कुठेय? त्यापेक्षा भुयारी मार्गच मागू

बी-६०२: भुयारी मार्गात जुलैमध्ये गुडघाभर पाणी असतं दादा, पोरं परत फाटकातूनच येणार. आणि वळसा स्वतःचा कोण घेणार, गेट उघडलं की दोन्हीकडची वाहनं अख्खा रस्ता भरून एकदम सुटतात, सायकलवाला डाव्या कडेला चेपला जातो, त्याला हँडल वळवायला हातभर जागा उरत नाही. वर रुळांच्या अगदी आधी स्पीडब्रेकर, म्हणजे नेमका तिथेच वेग जातो आणि तोल हलतो. म्हणून पट्टाच बाहेर वळवून द्यायला हवा आणि वळणावर मध्ये खांब हवेत, नाहीतर दुचाकीवाले त्यातून घुसणार

सी-३०१: आणि रुळांमधला पृष्ठभाग डावीकडे थोडा रुंद करून घ्यावा लागेल, नाहीतर वळून आलेली सायकल खडीवर जाईल. फाटकाच्या आतलं काम रेल्वेचं, बाहेरचा रस्ता नगरपालिकेचा. एकालाच पत्र दिलं तर दुसऱ्याकडे बोट दाखवतील. दोघांना एकच पत्र आणि जॉइंट इन्स्पेक्शन मागा

ए-१०४: तोपर्यंत मुलांना काय सांगायचं?

ई-४०३: रूळ जवळ आले की मागे बघून, मागचं वाहन थांबलंय याची खात्री करून मगच सायकल काटकोनात घ्यायची काकू. रुळावर ब्रेक नाही, वळणं नाही. गर्दी असेल किंवा पाऊस असेल तर उतरूनच

बी-६०२: मी आज रात्री पत्राचा मसुदा टाकते. कोन किती आहे तोही त्यात लिहू, कोणी मोजून द्याल का?

सी-३०१: मी देतो. मोजायला कोणी रुळांवर उतरू नका, गुगल मॅपच्या सॅटेलाइट व्ह्यूची प्रिंट काढून कोनमापकाने मोजतो. रंगाचं काम सुरू व्हायच्या आत पत्र पोचलं पाहिजे, सोमवारी मी स्वतः दोन्ही ऑफिसात देऊन पोच घेतो