मदत हवी आहे: नर इग्वाना टबात शी करेनासा झालाय आणि काचेवर धावून जातो

प्रश्न (हिरवीफांदी):
हिरवा इग्वाना (पाळलेला मोठा सरडा), नर, वय साडेतीन वर्षं, शेपटीसकट ४ फूट. मुक्काम पुणे. पिंजरा ६ फूट लांब, ६ फूट उंच, ३ फूट खोल. तीन बाजूंना जाळी, समोर काच. तळाशी पाण्याचा टब. रोज सकाळी त्यातच शी व्हायची. नोव्हेंबरच्या मध्यापासून टबाकडे फिरकत नाही, वरच्या फळीवरच उरकतो. त्याच सुमारास पुढचे पाय आणि पाठीचे काटे नारिंगी झाले. दिवसभर मान वरखाली, गळ्याखालची झोळी ताणलेली, काचेवर धडका. फळीवर मेणाचे करडे कण चिकटलेले असतात. परवा तिथेच पांढुरका, जेलीसारखा गोळा सापडला. खाणं निम्म्यावर आलंय. हद्द आखायला शी करतोय, की आजार आहे?

उत्तर १ (तुतीचीपानं):
दोन वेगळ्या गोष्टी एकाच महिन्यात आल्या म्हणून त्या एकच वाटतायत.

नारिंगी रंग, मान हलवणं, धडका हा विणीचा हंगाम आहे. आपल्याकडे वयात आलेल्या नरांचा तो साधारण हिवाळ्यात येतो. हद्दीची खूण शी नव्हे, ते करडे कण. मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला रंध्रांची एक ओळ असते. नराची रंध्रं मोठी असतात आणि या दिवसांत त्यांतून मेण येतं. मांडी घासत चाललं की ते फांदीवर बसतं. जेलीचा गोळा हा वीर्याचा घट्ट झालेला गोळा आहे, तोही याच दिवसांतला. घाबरू नका.

शीचं कारण बहुधा पाणी. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या झाडांवरचा, पाण्यात शी करण्याकडे त्याचा ओढा असतोच. पण गार पाण्यात तो पाय घालणार नाही. टबातल्या पाण्याचं तापमान सकाळी मोजलंत का?

हिरवीफांदी:
आत्ता मोजलं. १९ अंश. शेकण्याच्या जागी ३४, खाली २४.

उत्तर १ (तुतीचीपानं):
मग सापडलं. २४च्या तळाला उतरून १९च्या पाण्यात तो कशाला जाईल? असं करा:

सकाळी दिवे लागल्यावर दीड तास शेकू द्या. अंग तापल्याशिवाय आतडं हलत नाही. मग टबात २९-३० अंशांचं पाणी, खोली त्याच्या पुढच्या कोपरापर्यंतच. हाताला कोमट वाटलं म्हणजे झालं असं धरू नका, थर्मामीटर लावा. टबाच्या तळाला खरखरीत रबरी चटई घाला. पाय घसरला तर तो पुन्हा येत नाही. २० मिनिटं थांबा. झाली की पाणी लगेच बदला, घाण पाण्यात तो दुसऱ्या दिवशी उतरत नाही. टबाची जागा मात्र हलवू नका, आणि फळीवरून टबापर्यंत मनगटाएवढी जाड फांदी तिरकी लावा.

फळी साबणाने घासून घ्या, मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ३० भाग पाणी १० मिनिटं ठेवून भरपूर धुवा. इग्वाना त्या वेळी दुसऱ्या खोलीत हवा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. टब स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचा नाही. शीतून साल्मोनेला हा रोगजंतू येतो आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर धोका मोठा.

उत्तर २ (जास्वंदी):
धडकांबद्दल. काचेत त्याला दुसरा नर दिसतोय. खोलीत अंधार आणि पिंजऱ्यात दिवा असला की काच आरसा होते. खालच्या दीड फुटाला बाहेरून तपकिरी कागद लावा आणि पिंजऱ्यातला दिवा चालू असेपर्यंत खोलीतलाही ठेवा. थुतरी सोलली असेल तर आजच लावा, कारण जखम चिघळली तर जबड्यापर्यंत जाते.

हात वरून नेऊ नका, झडप घालणारा पक्षी तसाच येतो. बाजूने, त्याच्या छातीच्या उंचीवरून न्या. अंग चपटं करून आडवा उभा राहिला, शेपटी वळवली, की त्या दिवशी उचलू नका. दात करवतीसारखे असतात. आत एक जुना टॉवेल गुंडाळून ठेवा. बरेच नर त्याच्याशी झटतात आणि माणसाला सोडतात.

हिरवीफांदी:
खाण्याचं काय?

उत्तर २ (जास्वंदी):
हंगामात कमी होतं. शेवग्याचा पाला, तुतीची आणि जास्वंदीची पानं सकाळीच द्या. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. दर रविवारी वजन करून लिहून ठेवा. दहावा हिस्सा घटला तर डॉक्टर.

शीही रोज बघा. तपकिरी, आकार असलेली, सोबत पांढरा मऊ भाग आणि स्वच्छ पाणी: ठीक. पांढरा भाग पिवळा आणि खडूसारखा कडक झाला तर शरीरात पाणी कमी आहे, पानं ओली करून द्या. नाकातून उडून काचेवर वाळणारं पांढरं मात्र मीठ असतं, ती सर्दी नाही.

आठवडाभर शी नाही, कुंथतोय, किंवा शेपटीच्या मुळाशी लाल मांस बाहेर येऊन आत जात नाही, तर थांबू नका. ते मांस ओल्या स्वच्छ कापडात ठेवून, आत न ढकलता, सरपटणारे प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या.

उत्तर १ (तुतीचीपानं):
केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी झाली नसेल तर तीही करा, २०२४च्या नियमांप्रमाणे इग्वानाला ती लागते. आणि ३० अंशांच्या पाण्याने चार-पाच दिवसांत काय होतं ते इथे लिहा. तरीही फळीवरच करत राहिला तर त्या फळीवरच वर्तमानपत्र अंथरू आणि ते रोज वीतभर टबाच्या दिशेने सरकवत नेऊ.