वॉरंटी आणि गॅरंटी, दोन्हीला 'हमी'च?

रेवती_अंबड: अंबडमधल्या एका कारखान्याचं काम हातात आहे. लष्कराला रबरी सील पुरवायची ऑर्डर, आणि थोरले भागीदार मराठीत समजल्याशिवाय सही करत नाहीत. वॉरंटीला मी 'हमी' लिहिलं. पुढे बँक गॅरंटी आली, तिथेही 'हमी'. ते भागीदार काका म्हणाले, "ताई, एक मी द्यायची, एक बँकेनं. तुमच्या कागदात दोन्ही माझ्याच गळ्यात." वेगळे शब्द सुचवा. (आधी यंत्राकडून भाषांतर करून पाहिलं होतं. 'स्टोअर्स' म्हणजे पुरवलेला माल, त्याचं झालं 'सदोष दुकाने विनामूल्य बदलून द्यावीत'.)

गोदाकाठ: रविवार कारंजावर मिक्सर घ्यायला जा. गॅरंटी म्हणजे बदलून, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून. दुकानातलं पोरगंही सांगेल.

वकीलबुवा: मिक्सरला ठीक. कायद्यात गॅरंटीला तिसरा माणूस लागतो. १८७२चा करार कायदा, कलम १२६: ऋणको चुकला तर जामीनदार भरेल. वॉरंटी १९३०च्या मालविक्री कायद्यात, कलम १२: मुख्य व्यवहाराला जोडलेली दुय्यम अट. मोडली तर भरपाई मागा, तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही. बँकेपुरतं 'जामीन' लिहा.

तोफखाना: देवळालीत नोकरी झाली, पुरवठ्याचे कागद पाहिलेत. वॉरंटीत बिघडलं तर पुरवठादारानं फुकट दुरुस्त करायचं किंवा बदलून द्यायचं. म्हणजे गोदाकाठचा मिक्सर इथे बंद पडला. ताई, शब्द राहू द्या, मुदत कधीपासून ते बघा. माल स्वीकारल्या दिवसापासून बारा महिने असेल तर सील डेपोतच म्हातारं होतं. बसवायला काढलं की तडा, आणि मुदत संपलेली. आम्ही म्हणायचो, वॉरंटी रॅकनं खाल्ली.

शुद्धमराठी: भगूर इथून हाकेवर, आणि चर्चा वॉरंटी-गॅरंटीची! सावरकरांनी 'दिनांक' दिला, 'महापौर' दिला, ते रुळले ना? 'निर्दोषताबंध' लिहा.

ओझरचे_काका: विमानांच्या ओव्हरहॉलमध्ये जन्म गेला. 'निर्दोषताबंध' ऐकून आमचा फिटर पाना टाकून पळाला असता.

शुद्धमराठी: तुम्ही वापरत नाही म्हणून शब्द मरतात, काका. निदान 'हमी' तरी आपला आहे. 'अहम्'वरून आलेला, मी स्वतः देतो ती हमी.

वकीलबुवा: अहो, अरबी 'हामी', म्हणजे पाठीराखा. 'जामीन'ही अरबीच. दोन्ही काढले तर कोर्टात बोलायचं काय?

पंचवटीतली: आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा आजीनं वॉरंटी कार्ड देवघरात दडवलं होतं. तिला वाटलं, आजोबांच्या नावानं पकड वॉरंट निघालंय!

वकीलबुवा: आजी फार चुकल्या नाहीत, मूळ एकच. गॅरंटीसुद्धा त्याच घरातली. फ्रेंचच्या एका बोलीनं 'व' ठेवला, दुसरीनं 'ग' केला.

रेवती_अंबड: सख्ख्या बहिणी आहेत हे भागीदार काकांना कसं सांगू? कागद उद्या द्यायचाय.

ओझरचे_काका: रस्त्याच्या कामाच्या फलकावर 'दोष दायित्व कालावधी' असतो बघा. दोष निघाला तर कोणाच्या डोक्यावर, ते त्यात आलं. वॉरंटीला तो जवळचा.

गोदाकाठ: त्याच फलकाखाली खड्डा असतो, काका.

निफाडकर: हमी म्हटलं की आम्हाला हमीभाव आठवतो. कांदा त्या यादीतच नाही. लासलगावला ट्रॅक्टर लावून बसा, मग कळेल दायित्व कोणाचं.

तोफखाना: यादीत आला तरी साठवायचा कुठे? चाळीत सडतो. पुन्हा रॅकचाच प्रश्न.

रेवती_अंबड: बँकेला 'जामीन' लिहिलं तर काका पोलीस ठाण्यातला जामीन समजतील का?

निफाडकर: तोफखाना, उन्हाळ कांदा म्हणताय की लाल? लाल चाळीत भरतं कोण?