16 मिमी लूपवर फिरत्या सिलिंडरची सावली: कडा पुसट का येतात?

कवडसा: जुन्या माहितीपटांच्या तुकड्यांचा 10 फुटी लूप (टोके जोडून सतत फिरणारी 16 मिमी फिल्म) भिंतीवर चालवायचा आहे आणि त्याच चित्रावरून मायलरच्या (पारदर्शक प्लास्टिकच्या), मागून रंगवलेल्या, फिरत्या सिलिंडरची (व्यास 40 सेंमी) सावली सरकायला हवी. प्रोजेक्टर ते भिंत 6 मीटर, लेन्स 50 मिमी एफ 1.3. सिलिंडर प्रोजेक्टरपासून 1 मीटरवर ठेवला तर भिंतीवर नुसता डाग दिसतो. बाजूने एलईडी फ्लडलाइट टाकला तर फिल्मच फिकी पडते. प्रदर्शन रोज 8 तास. काय बदलावे?

उपच्छाया: फ्लडलाइट आधी काढा. फिल्ममधला काळा भाग म्हणजे भिंतीवर प्रकाश न पडलेली जागा; दुसरा दिवा लावला की तोच भरून निघतो. झोत एकच हवा. चित्रकार नलिनी मलानी यांच्या 2012 च्या 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' या मांडणीतही व्हिडिओचा झोत टांगलेल्या, फिरत्या पाच मायलर सिलिंडरांतून जातो.

पुसटपणाचे गणित सोपे आहे: प्रकाशाच्या तोंडाची रुंदी × (वस्तू ते भिंत) ÷ (प्रकाश ते वस्तू). तुमच्या लेन्सचे तोंड साधारण 38 मिमी (50 ÷ 1.3). म्हणजे 38 × 5 ÷ 1 = 190 मिमी. डाग दिसणारच. सिलिंडरचा मध्य भिंतीपासून 60 सेंमीवर आणा. मग प्रोजेक्टरकडच्या बाजूची कड सुमारे 6 मिमी पुसट, भिंतीकडची 3 मिमीहून कमी. दोन्ही बाजूंच्या आकृत्या उलटसुलट दिशांना सरकतात, त्यातली एक जरा मऊ दिसते. हा फरक घालवू नका, चित्राला खोली त्यानेच येते.

सावली मोठीच हवी असेल तर सिलिंडर 3 मीटरवर ठेवून लेन्सला चिकटवूनच 20 मिमी भोकाचा काळा पुठ्ठा लावा. सावली दुप्पट, कड 2 सेंमी पुसट. उजेड मात्र चौथाईच उरतो, कोपरे काळवंडले तर भोक थोडे वाढवा.

जोडपट्टी: सावलीआधी फिल्म वाचवा. 10 फूट म्हणजे 400 फ्रेम, सेकंदाला 24 फ्रेमच्या गतीने 16.7 सेकंद. 8 तासांत 1728 फेरे! मूळ तुकडा इतका चालवायचा नसतो. आधी स्कॅन करा. तासाला 10 मिनिटेच चालवलात तर फेरे 288 वर येतात.

चढवण्यापूर्वी 100 फ्रेम मोजा: 76.2 सेंमी भरायला हव्यात. 75.4 भरल्या तर फिल्म 1 टक्का आकसली आहे. फिल्म पुढे ओढणारा प्रोजेक्टरचा पंजा छिद्रांत नीट बसणार नाही आणि कडा फाटतील. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म कुजू लागली आहे, तो तुकडा बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. लूपचा जोड दोन्ही बाजूंनी टेपचा हवा, एका बाजूचा जोड गेटमध्ये (लेन्समागच्या फिल्मच्या खाचेत) उघडतो. भंगारबाजारातून 1950 च्या आसपासची किंवा त्याआधीची 35 मिमी फिल्म मिळाली तर ती नायट्रेट, म्हणजे चटकन पेट घेणारी, असू शकते. ती प्रोजेक्टरवर कदापि चढवू नका, पेटली तर पाण्यानेही विझत नाही.

गियरपेटी: मोटरबद्दल. मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मोटर स्वस्त पडते, पण ती दर वेळी कोणत्याही दिशेने सुरू होते. 12 व्होल्टची 2 आरपीएमची डीसी गियर मोटर घ्या. 40 सेंमी व्यासावर चित्र सेकंदाला सुमारे 4 सेंमी सरकते. जास्त आरपीएमची मोटर व्होल्टेज पाडून हळू चालवू नका, झटके देते आणि सावलीत ते लगेच दिसतात.