अनुभव धागा: खायच्या रंगानं तुम्ही काय काय रंगवलंत?

यंदा कुरडयांचा चीक हाटताना सासूबाई म्हणाल्या, "अर्ध्या हिरव्या करू या." त्यावरून हा धागा. पदार्थ, फुलं, लोकर, काहीही चालेल. फसलेलंही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

माझ्यापासून सुरुवात. ओला चीक फिका वाटला म्हणून मी रंगाचे आणखी चार थेंब घातले. कुरडया वाळल्या, पाणी उडालं आणि रंग तेवढाच राहिला, त्यामुळे पार गडद झाल्या. तळल्यावर फुलून जरा उजळल्या, पण पाहुण्यांपुढे ठेवाव्याशा वाटल्या नाहीत. ओल्यात फिका दिसतो तोच बरोबर, हे आता पक्कं कळलंय. (विश्रामबाग, सांगली)

मिरजेहून
लेकीच्या प्रकल्पासाठी पांढरी शेवंती निळी केली. पाण्यात दोन-चार थेंब टाकून दिवसभर वाट पाहिली, काही नाही. मग अर्ध्या पेल्याला चमचाभर रंग घातला, देठ तिरका कापला. सकाळी पाकळ्यांच्या कडांना निळ्या रेघा! देठ आडवा कापला तर आत गोलात निळे ठिपके. पाणी वर नेणाऱ्या नळ्या त्या. लेक भिंगातून बघत बसली, शाळेची रिक्षा येऊन थांबली तरी उठेना.

आटपाडीहून
आमच्यात घरची मेंढरं आहेत. पांढरी लोकर आधी कोमट पाण्यात भिजत घातली, मग लाल रंग आणि व्हिनेगर घालून मंद आचेवर ठेवली. उकळू द्यायची नाही, ढवळायचीही नाही, नाहीतर लोकर आवळते. तासाभरानं बघतोय तर पातेल्यातलं पाणी नितळ! सगळा रंग लोकरीनं ओढून घेतलेला. आईनं त्याच पद्धतीनं सुती दोरा घातला, तो एका धुण्यात पांढरा. लोकर म्हणजे प्रथिन, ते आंबट पाण्यात हा रंग धरतं. सुताचं तसं नाही.

साताऱ्याहून
गोकर्णाच्या फुलांचं पाणी घालून भात केला, सुरेख निळा. वर लिंबू पिळलं आणि तेवढाच भाग जांभळा झाला. बीट मात्र उकळत्या साबुदाण्यात घालू नका, फार शिजलं की तपकिरी पडतं.

तासगावहून
एक कळकळीनं सांगते. सुटी, बिनलेबलची पूड घेऊ नका. आपल्याकडे खाण्यासाठी फक्त ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे, तीही ठरावीक पदार्थांत, बहुतेक ठिकाणी किलोला १०० मिलिग्रॅमच्या आत. मेटॅनिल यलो हा पिवळा कृत्रिम रंग त्यात नाही, तरी हळदीत त्याची भेसळ सापडते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणून याचं जास्त वाईट वाटतं. मी घरी दळलेल्या हळदीनंच पापड्या पिवळ्या करते. त्या दिवशी पदरावर डाग पडला, साबण लावताच लाल झाला. नुसत्या पाण्यानं धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकला, गेला.

विश्रामबाग
ताई, पापड्यांच्या किलोभर साबुदाण्याला हळद किती घालता? परवा घालायच्या आहेत.