गॅरेजचे नळे काढून पत्रा किंवा स्लॅब घालायचा, तर परवाना कशाला?

पागोळी:
गोव्यातल्या घराच्या कुशीला तीन बाय सहा मीटरचे जुने गॅरेज. भिंती चिऱ्याच्या, वर मंगळुरी नळे, वासे वाळवीने पोखरलेले. ते उतरवून लोखंडी पाइपांवर पत्रा घालायचा आहे. जोते तेच, उंची तीच, वळचणही तेवढीच. अशा कामाला पंचायतीचा परवाना लागूच नये, असे माझे मत आहे. मिरग तोंडावर आलेला असताना अर्ज टेबलावर पडून राहिला, तर भिंतीचा माथा उघडा पडतो आणि चिऱ्यांच्या सांध्यातली माती पहिल्याच सरीत वाहून जाते. लेखी कळवणे आणि आधीचे-नंतरचे फोटो पुरे व्हावेत.

चिरेबंदी:
फुटके नळे बदलणे, कुजलेला वासा काढून त्याच मापाचा घालणे ही दुरुस्ती. तिथे मी तुमच्याच बाजूने आहे. पण गोवा पंचायत राज कायदा 1994 चे कलम 66 केवळ नव्या बांधकामाबद्दल बोलत नाही. असलेल्या इमारतीत फेरफार करायलाही ते लेखी परवानगी मागते. नळ्यांच्या जागी पत्रा आला की छपराचे वागणेच बदलते.

हिशोब करून पाहा. वारा किती धरायचा हे सांगणाऱ्या भारतीय मानकात पणजीसाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर आहे. त्याचा दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो येतो. रिपांसकट मंगळुरी नळ्यांचे वजन चौरस मीटरला 65 किलोच्या आसपास, तर पत्रा आणि पाइप मिळून दहा-पंधरा किलो. गॅरेजचे तोंड बहुधा उघडे असते. वारा आत शिरतो, खालून ढकलतो, वरूनही ओढतो. जड छप्पर स्वतःच्या वजनाने बसून राहायचे, हलके उडू पाहते. वळचणीसकट वीस चौरस मीटरच्या पत्र्यावर हा ओढा दीड-दोन टनांवर जाऊ शकतो. आणि पाइप कशात रोवलेले? चिऱ्यात ठोकलेल्या खिळ्यात!

म्हणून आधी भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा बीम ओता. नऊ इंच रुंद, सहा इंच उंच, आत 10 मिमीच्या चार सळ्या, दर 150 मिमीवर रिंगा. काँक्रीट ओतायच्या आधीच 12 मिमीचे अँकर बोल्ट सळ्यांखाली अडकवून ठेवा. मागाहून भोक पाडून बसवलेला बोल्ट कडेचा तुकडा घेऊन उपटतो. भिंतीला तडे असतील तर ही मापेही इंजिनियरने तपासल्याशिवाय वापरू नका.

पागोळी:
बीम, बोल्ट सगळे मान्य. मग इंजिनियरचा दाखला मागा, परवाना का? सभेला बसलेले पंच काही बोल्टची खोली मोजणार नाहीत.

सर्वे-नंबर:
पंच बोल्ट मोजत नाहीत, पण हे गॅरेज मंजूर आराखड्यात आहे का, हे तिथेच कळते. गोव्यात खरी गाठ इथेच बसते. पुष्कळ गॅरेजे घर झाल्यावर कंपाउंडला टेकवून उभी केलेली असतात. घरपट्टीची पावती दाखवून ती अधिकृत ठरत नाहीत. पट्टी भरली म्हणजे बांधकाम मंजूर झाले असे नव्हे. अशा गॅरेजवर नवे छप्पर चढले आणि शेजाऱ्याने तक्रार केली, तर चौकशी छपरापाशी थांबत नाही, सगळे गॅरेजच पाडण्याची नोटीस येऊ शकते.

आधी टीसीपीचा, म्हणजे नगर नियोजन खात्याचा, शिक्का असलेला जुना आराखडा शोधा. एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबारा), सर्वे प्लॅन, बांधकाम परवाना आणि ऑक्युपन्सी, म्हणजे वापराचा दाखला, एकत्र ठेवा. जुन्या आणि नव्या छपराचा उभा छेद एकाच कागदावर काढून घ्या, उंची आणि वळचण आकड्यांत लिहा. नदी-खाडीच्या काठी असाल तर किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडेही विचारावे लागते.

चिरेबंदी:
स्लॅबबद्दल तर वादच नको. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला 310 किलोवर जातो, म्हणजे अठरा चौरस मीटरचे साडेपाच टन. त्यावर कोबा आणि माणसांचा वावर वेगळाच. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर हे ठेवणे धोक्याचे आहे. खाली खांब, पाया नवा. त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. आणि वर खोली काढायचा किंवा गॅरेजचीच खोली करायचा बेत असेल, तर पार्किंगची जागा कमी होते, तो प्रश्न निराळा उभा राहतो.

पागोळी:
स्लॅबला परवाना हवा, हे मी कधीच नाकारले नाही. पत्र्यासाठीही आराखडा तपासून घ्यावा, एवढे आता मानतो. पण मंजूर गॅरेज, तेच माप आणि इंजिनियरचा दाखला असेल, तर पंधरा दिवसांत उत्तर मिळालेच पाहिजे. उशिराचा भुर्दंड भिंत भरते.

वळचण:
तुमच्या पंधरा दिवसांशी सहमत. तोवर नळे उतरवू नका, फुटलेल्या जागी ताडपत्री बांधा. आणि आता सिमेंटचे जुने पत्रे असतील तर ते फोडू नका, त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. पाणी मारून ओले करा, अख्खेच खाली घ्या. नव्या पत्र्याचे स्क्रू नालीच्या माथ्यावर घ्या, खोलगटात नको. वायसरचे रबर चपटे होईतो पिळले की दुसऱ्या पावसाळ्यात तिथूनच ठिबकते. पाइप वाचवायला उतार कमी केलात, तर वाऱ्याबरोबर पाणी जोडातून उलटे चढते. आणि पन्हळ आपल्याच अंगणात उतरवा. नळ्यांवरून थेंब-थेंब पडणारे पाणी पत्र्यावरून एकदम कोसळते, ते शेजाऱ्याच्या भिंतीशी गेले की अर्जावर पहिली हरकत त्याचीच येते.